माझ्या श्वासाची त्यांनी लिहिलेली डायरी

"अंगठा."

एवढंच म्हणाला तो. माझ्याकडे न बघता. टेबलावर कागदांचा जाड गठ्ठा होता, शेजारी निळ्या शाईचा पॅड. मी हात पुढे केला तो पेन घ्यायला. त्यानं तो मधेच धरला, उलटा केला, बोटं बघितली. केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं. कितीही घासा, तो डाग कातडी बदलेपर्यंत जात नाही. मग त्यानं माझा डावा अंगठा आपल्या दोन बोटांत पकडला, पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. एक पान. दुसरं. तिसरं. दाबताना जरा फिरवायचा. गुरांना डाग देतात तसा.

मला लिहिता येतं.

बारावीला मराठीत मी कॉलेजात पहिली होते. अमळनेरच्या जुन्या कॉलेजात बी.ए.ची दोन वर्षं केली, रोज एसटीनं जाऊन-येऊन. आमच्या पाचोरा तालुक्यातल्या गावात केळी भरायची जी बायांची टोळी आहे, तिच्यातल्या सगळ्या बायांचे अर्ज मी लिहिते. रेशनचा, निराधारचा, लेकराच्या दाखल्याचा. आणि त्या दिवशी धुळ्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, मी नऊ पानांवर अंगठा दिला.

का दिलास, असं कोणी विचारलं तर खरं सांगते. एक म्हणजे श्वास नव्हता. "लिफ्ट पेशंटला नाही," असं खाली वॉचमननं सांगितलं म्हणून मी दोन जिने चढून आले होते. त्या आजारात एका श्वासात एकच शब्द निघतो, तोही फाटका. "मला" म्हणायला एक श्वास, "लिहिता" म्हणायला दुसरा. तोवर त्याची तीन पानं उरकली होती. आणि दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. हात ओढला गेला तेव्हा तो सैल पडला. माझ्या आजीचा असाच पडला असेल, आजाचाही. मी शिकले, पण माझा हात शिकला नव्हता. याचा राग मला आजही येतो, आणि तो सगळाच्या सगळा त्याच्यावर काढता येत नाही.

त्याला तिथं सगळे सर म्हणायचे. डॉक्टर नव्हता. औषधाच्या चाचणीचं कागदपत्र सांभाळणारा कोऑर्डिनेटर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. आधी त्यानं माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात कुठं राहता ते. वस्तीचं नाव ऐकलं आणि "तुम्ही"चं "तू" झालं. त्यानंतर अंगठा.

कागदावर साक्षीदार लागतो म्हणे. चहाचे कप उचलायला आलेल्या शिपाईमामांना त्यानं थांबवलं. "मामा, इथं सही मारा." मामांनी मारली. मामांनाही कोणी सांगितलं नाही, कशाची साक्ष.

माझा आजार सांगते. स्वरयंत्राच्या जरा खाली श्वासनळी आतून आवळत जाते. जखम नाही, गाठ नाही. का होतं ते कोणाला माहीत नाही. क्वचित होतं, आणि झालंच तर बहुतेक बायांना. सहा वर्षं मला सगळीकडे दमाच सांगितला. पाचोऱ्यात दमा, जळगावात दमा. पंप ओढून ओढून तोंड आलं. श्वास घेताना गळ्यातून शिट्टी वाजायची. टोळीतल्या बाया लांबून ओळखायच्या, मी आले म्हणून. कॉलेज त्या शिट्टीनं सुटलं. वर्गात मी जिना चढून बसले की पाच मिनिटं मास्तर थांबायचे आणि पोरं हसायची.

शेवटी धुळ्याच्या या डॉक्टरांनी गळ्यात दुर्बीण घातली आणि खरं काय ते सांगितलं. हे त्यांचं मी मानते. बेशुद्ध करून तोंडातून फुगा आत नेतात, तो फुगवून नळी ताणतात. चार-पाच महिने माणूस माणसासारखा श्वास घेतो. मग नळी परत आवळते, परत फुगा. असं माझं तीनदा झालं होतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, एक नवं इंजेक्शन आलंय, जिवंत पेशींपासून बनवतात, दुसऱ्या आजारांवर चालतं, या आजारावर चालतं का ते बघायचंय. दर पंधरा दिवसांनी पोटावर एक. "असा गळा लाखात एक सापडतो," डॉक्टर त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांना सांगत होते. "हा पेशंट सोडायचा नाही."

गळा लाखात एक. त्या गळ्याची बाई मात्र अंगठाछाप.

कोऑर्डिनेटरनं मला तोंडी चार वाक्यं सांगितली. औषध फुकट. रोज नळी फुंकायची. दर पंधरा दिवसांनी यायचं. आणि चौथं: "मधेच सोडलंस तर फुगाही इथं होणार नाही, लक्षात ठेव."

लक्षात ठेवलं.

फुंकायला एक प्लास्टिकची नळी दिली. जोरात फुंकलं की काटा सरकतो, आकडा दाखवतो. आमच्या टोळीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव फुंकणी ठेवलं. रोज सकाळी मी फुंकायची आणि आकडा लिहून ठेवायची. कशावर? केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. डायरी मला कोणी दिलीच नव्हती. पुठ्ठ्याचं एक झाकण फाडून घेतलं, त्यावर रेघा मारल्या, तारीख, आकडा, आणि पुढे दोन शब्द: रात्री बसून काढली. जिना चढता आला नाही. आज बरं. फण्या धुताना चक्कर.

दुसऱ्या खेपेला तो पुठ्ठा घेऊन गेले. वाटलं, बघेल तर कळेल याला. त्यानं दोन बोटांत धरला. "हे काय आणलंस?"

"आकडे."

"कोणाकडून लिहून आणलंस?"

मी बोलायला तोंड उघडलं. श्वास आत घेतला तशी शिट्टी वाजली. तो हसला. पुठ्ठा टेबलाखालच्या बादलीत टाकला. "आपल्याकडे फॉरमॅट असतो. तू फक्त सांग, बरं आहे ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानं एका वहीत भराभरा लिहायला सुरुवात केली. वहीवर माझं नाव. नावापुढे कंसात एक शब्द. टेबलाच्या या बाजूनं तो मला उलटा दिसत होता, तरी मी वाचला. निरक्षर.

घरी आल्यावर मायनं विचारलं, "डाक्टरनी काय सांगं?"

"बरं शे म्हने," मी सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं नाही. मायनं मला शिकवायला दुसऱ्यांच्या मळ्यात वीस वर्षं निंदणी केली आहे. तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

पुढच्या खेपेपासून मी दोन पुठ्ठे करायला लागले. एक दवाखान्यात न्यायला, एक माझा. माझा घरीच ठेवायची.

त्या आजाराच्या तिथं आम्ही दोघीच होतो. दुसरी अमळनेरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरची सून. मी मनातल्या मनात तिला शेठाणी म्हणायची. तिची गाडी यायची, तिच्यासाठी लिफ्ट यायची. कोऑर्डिनेटर उठून उभा राहायचा. "या मॅडम, बसा मॅडम, पंखा वाढवू का?" तिच्या हातात एक निळी फाइल असायची. तिला ते कागद आठ दिवस घरी नेऊ दिले होते, नवऱ्याला आणि दिराला दाखवायला. हे तिनंच एकदा फोनवर कोणाला तरी सांगताना मी ऐकलं. तिची डायरी ती स्वतः भरायची. श्वास मात्र आम्हा दोघींचा सारखाच वाजायचा. त्या बाबतीत देवानं भेदभाव केला नव्हता.

सहाव्या खेपेला ती इंजेक्शन घ्यायला आत निघाली. बाकावर मी बसले होते. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त पर्स आणि फाइल माझ्या मांडीवर ठेवली. "जरा धर गं. आलेच."

धर गं. मी तिथली कामवाली वाटले असेन. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही दोघी याच बाकावर शेजारी बसलो होतो, तरी.

इंजेक्शननंतर अर्धा तास आतच झोपवून ठेवतात. काही उलटसुलट होत नाही ना ते बघायला. म्हणजे माझ्याकडे अर्धा तास होता. पर्सला मी हात लावला नाही. फाइल उघडली.

नऊ पानं. मराठीत. माझ्या अंगठ्याखाली जी होती तीच. मी पहिल्या शब्दापासून वाचली. लिहिलं होतं की काही जणांच्या इंजेक्शनात औषध असतं, काही जणांच्यात नसतं, आणि कोणाच्यात काय ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. हे मला सांगितलं नव्हतं. लिहिलं होतं की या कागदाची एक प्रत पेशंटला मिळेल. मिळाली नव्हती. वाचता न येणाऱ्या पेशंटला सगळं वाचून दाखवायचं, आणि साक्षीदार दवाखान्याचा नोकर नसावा. मला कपवाले मामा आठवले. आणि पाचव्या पानावर, मधोमध: तुम्ही कधीही, कारण न देता, चाचणी सोडू शकता. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारावर काहीही परिणाम होणार नाही.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. अडीच महिने मी एका खोट्या धमकीच्या दावणीला बांधलेली होते. माझा श्वास इतका वाजायला लागला की समोरचा माणूस उठून लांब जाऊन बसला. शेवटच्या पानावर नीतिसमितीचा पत्ता होता. तक्रार असेल तर इथं लिहा. तो मी हातावर उतरवून घेतला. शेठाणी आली, फाइल घेतली, गेली. थँक्यू नाही, काही नाही. पण तिचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते तिला कधीच कळणार नाहीत.

त्या महिन्यात माझा गळा झपाट्यानं आवळला. फुंकणीचा काटा दोनशेवरून दीडशेवर आला. मग एकशे चाळीस. फण्या धुवायच्या हौदापाशी मी वाकू शकत नव्हते. झोप उशीला टेकून, बसून. मी डॉक्टरांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, फुगा. करा."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. माझ्याकडे नाही. "आकडे तर झकास आहेत तुझे. दोनशे ऐंशी, दोनशे नव्वद. फुग्याची काय गरज? हा मनाचा खेळ असतो. काम जरा कमी कर."

दोनशे ऐंशी माझ्या फुंकणीनं जन्मात दाखवला नव्हता. हा आकडा त्या वहीतून आला होता. "बरं आहे ना?" विचारून भरलेल्या वहीतून. माझा श्वास माझ्या छातीत अडकला होता आणि कागदावर तो मजेत चालला होता. त्या कागदानंच माझा फुगा अडवला होता. शिव्या कितीतरी आल्या तोंडात. एकीलाही श्वास पुरला नाही.

मी परत आले. समितीला अर्ज लिहिला, तीन पानी. पोस्टात टाकायच्या आधीच दवाखान्याचा फोन आला. कंपनीकडून पुण्याच्या एक मॅडम तपासणीला येणार आहेत, सकाळी लवकर ये.

गेले. यावेळी लिफ्टसमोर उभी राहिले आणि वॉचमनला म्हणाले, "मी पेशंट आहे. बाजूला व्हा." तो झाला. इतकं सोपं होतं ते.

कोऑर्डिनेटर घाईत होता. टेबलावर वहीची पानं मांडलेली. बारा आठवडे, बारा पानं. काही ओळी निळ्या पेननं, काही काळ्या, काही जरा तिरक्या अक्षरात. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटावं म्हणून. एवढी कलाकुसर केली होती त्यानं. प्रत्येक ओळीत श्वास चांगला, झोप चांगली, त्रास नाही.

"प्रत्येक पानाखाली अंगठा दे. पटकन." पॅड उघडलेला होता.

शेजारच्या टेबलावर पुण्याच्या मॅडम बसल्या होत्या, शेठाणीची फाइल चाळत. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांच्यापुढचं पेन उचललं. परत आले, खुर्ची ओढली, बसले. तिथं पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होते. पहिल्या पानावर, त्याच्या ओळींच्या खाली, मी लिहिलं: हे मी लिहिलेलं नाही. हे आकडे माझे नाहीत. खाली माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पूर्ण. आणि तारीख.

त्याचा हात माझ्या मनगटापर्यंत आला आणि थांबला. मॅडमनी मान वर केली होती.

"अगं, तुला लिहिता येतं?" तो म्हणाला.

"माले लिखता येस," मी म्हणाले. पुस्तकी मराठी त्या क्षणी तोंडात आलीच नाही. मायची भाषा आली. बरं झालं.

दुसरं पान. तिसरं. मी घाई केली नाही. बाराही पानांवर तेच वाक्य, त्याच अक्षरात. खोलीत फक्त माझा श्वास वाजत होता. मग पिशवीतून माझे, घरी ठेवलेले पुठ्ठे काढले, टेबलावर ठेवले. मॅडमनी ते उचलले. केळीच्या खोक्यावरची छापील अक्षरं त्यांनी आधी बघितली, मग माझी. फुंकणी पुढे केली आणि म्हणाल्या, "एकदा माझ्यासमोर फुंका."

फुंकली. एकशे तीस.

डॉक्टरांना बोलावलं. ते आले, पानं बघितली, लाल झाले. कोऑर्डिनेटरवर ओरडतील असं मला वाटलं. ते माझ्यावर ओरडले. "लिहिता येतं, तर आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तुझ्यामुळे सगळी चाचणी अडचणीत येईल, कळतंय?"

चार श्वासांत मी चार शब्द बोलले. "माझा. गळा. अडचणीत. आहे."

दुपारीच मला टेबलावर घेतलं. दुर्बीण घातली तेव्हा नळी पेन्सिलीएवढी उरली होती, असं नंतर नर्सनं सांगितलं. अजून आठ दिवस गेले असते तर गळ्याला बाहेरून भोक पाडावं लागलं असतं. त्या नर्सनं हे सांगताना दार लावून घेतलं.

इंजेक्शन माझं त्या दिवसापासून बंद. मला औषध मिळत होतं की नुसतं पाणी, हे मला कोणी सांगत नाही. चाचणी संपल्यावर कळेल म्हणतात. समितीला अर्ज गेला. मॅडमचा अहवालही गेला असावा. कारण पावसाळा सरल्यावर एक दिवस आमच्या वस्तीत पांढरी गाडी आली. तोच. आता "ताई" म्हणत होता. "तुम्ही" म्हणत होता. शेजारून खुर्ची आणली, बसला. मायनं पाणी दिलं. त्यानं पेला खाली ठेवला आणि पिशवीतली स्वतःची बाटली काढून प्यायला. मायनं बघितलं. मी बघितलं.

त्यानं एक टाइप केलेला कागद काढला. मी तक्रार गैरसमजातून केली होती, एवढी एकच ओळ. खाली माझ्या नावाची जागा. "एवढं दिलंत की तुमचं परत सुरू करता येईल, ताई. पुढच्या टप्प्यात सगळ्यांना खरं औषध आहे, पाणी नाही. वर्षभर. अमळनेरच्या मॅडमना बघा, पाच महिने झाले, फुगा लागला नाही."

हे खोटं नव्हतं. शेठाणीला मी अमळनेरच्या बसस्टँडबाहेर बघितलं होतं, तिच्या गाडीत बसताना. फोनवर हसत होती. शिट्टी नव्हती. ते औषध चालतं, असं दिसतंय. माझ्या गळ्यावरही चाललं असतं, किंवा चालेल. हे मी तुम्हाला लपवत नाही. त्या ओळीखाली नाव लिहिलं तर कदाचित मी जिना चढेन, बी.ए. पूर्ण करेन, रात्री आडवी झोपेन. हे सगळं तो मांडीवर ठेवून बसला होता.

मायनं माझा दंड धरला. "जीव मोठा शे, बाई. लिखी दे ना. काय जास तुनं?"

मायवर मला रागावता येत नाही. तिनं माझे रात्रीचे श्वास मोजले आहेत, भिंतीला टेकून, स्वतः न झोपता. पण त्या ओळीखाली माझं नाव गेलं की ती बारा पानं खरी होतील. त्यांनी लिहिलेला माझा श्वास खरा होईल. आणि पुढच्या खेपेला पाचोऱ्याहून, पारोळ्याहून कुठली तरी बाई दम टाकत तो जिना चढून येईल, तेव्हा तिचा हात धरायला हा बसलेला असेलच.

मी कागद त्याला परत दिला. नावाची जागा कोरी.

"विचार करा, ताई. गळा परत बंद व्हायला लागला की कुठं जाल?"

"तुमच्याकडेच," मी म्हणाले.

आणि जाणार आहे. दुसरीकडे हा फुगा कोणी करत नाही, पुण्या-मुंबईला जायची ऐपत नाही. काटा परत उतरायला लागला आहे. दोन महिन्यांत मी त्याच टेबलावर असेन, त्याच डॉक्टरांच्या हाताखाली. त्यांना माझा राग असेल आणि माझा गळा त्यांच्या हातात असेल. भीती वाटते. खूप वाटते. तरी ती ओळ मी लिहिणार नाही. मी अर्ज मागे घेणार नाही. समितीचं उत्तर आलं नाही तर दिल्लीच्या औषध खात्याला लिहीन, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला लिहीन. बेशुद्ध करायच्या आधी ते संमतीचा कागद आणतील. तो मी हातात घेईन. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन, मोठ्यानं, एकेका श्वासाला एकेक शब्द, लागेल तेवढा वेळ लागू दे.

डॉक्टर थांबतील.